मी आप्पांना माफ केलं होतं

हे मी आजवर कुणापुढेच बोललो नाही. बायकोपुढे नाही, मुलीपुढे नाही, आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांपुढे तर नाहीच नाही. तुम्हांला का सांगतोय ते विचारू नका — बहुतेक तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. ओळखणाऱ्यांना सांगायचं म्हटलं की जीभ उचलत नाही. शिरूरमधले ओळखीचे सगळे मला भला माणूस समजतात. रस्त्यात दिसलो की "काय मास्तर, बरं हाय ना?" म्हणून हात वर करतात. मास्तर म्हणजे शाळेतला नव्हे बरं का. आमच्याकडं एसटीच्या कंडक्टरला मास्तर म्हणतात. बत्तीस वर्षं मी कंडक्टर होतो.

लोकांना हल्ली जुन्या एसटीचं भारी कौतुक सुटलंय. ज्यांनी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली आणि त्या रुमालापायी दुसऱ्याची गचांडी धरली, तेच आता फोनवर लाल गाडीचे फोटो पाठवतात आणि खाली लिहितात — गेले ते दिवस! मीही त्यातलाच. चार माणसं जमली की मला बोलतं करतात, आणि मला काय, तेवढंच हवं असतं. मागच्या हिवाळ्यात ज्येष्ठ नागरिकांच्या कार्यक्रमात तर शाल घालून, खुर्चीवर बसवून बोलायला लावलं.

बोललो की. शिरूरचा जुना स्टँड त्यांच्यापुढं उभा केला. कंट्रोलच्या खिडकीतून येणारा तो घोगरा भोंगा — "न्हावरामार्गे दौंडला जाणारी गाडी" एवढंच कळायचं, फलाट कुठला ते ब्रह्मदेवालाही कळायचं नाही. कँटीनमधला उकळून उकळून काळा झालेला चहा. खिडकीखाली धावणारे भेळवाले. ड्रायव्हरच्या पुढ्यात उदबत्ती, तिचा न् डिझेलचा मिळून एक वास. तिकिटाला चिमट्यानं भोक पाडायचो, तो टिक्-टिक् आवाज मी तोंडानं काढून दाखवला, तर सगळी म्हातारी माणसं पोरांसारखी हसली.

मग मुक्कामी गाडीचं सांगितलं. ते सगळ्यांना फार आवडतं. संध्याकाळी शिरूरहून सुटलेली शेवटची गाडी आत खेड्यात जायची आणि रात्रभर तिथंच, देवळासमोरच्या पारापाशी उभी राहायची. ड्रायव्हर-कंडक्टर गाडीतच सीटवर पथारी टाकायचे. जेवण गावातल्याच कुणाच्या तरी घरी — ते ठरलेलंच असायचं, आमंत्रण लागत नसे. आणि सकाळी तीच गाडी कॉलेजची पोरं, दुधाचे कॅन, कोर्टकचेरीची माणसं घेऊन परत शिरूरला. मी एकेक घास वर्णन करून सांगितला. गरम बाजरीची भाकरी, लसणाची चटणी, वर "अजून अर्धी घ्या, मास्तर" असा आग्रह. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी डोळे पुसले. मीही पुसले.

आणि तिथंच, चष्मा पुसता पुसता, मला माझी शिसारी आली.

कारण ती मुक्कामी गाडी बंद कशी झाली, ते मी सांगितलं नाही. कधीच सांगत नाही. "मग काय, मोटारसायकली आल्या, वडापच्या जीपगाड्या आल्या, रांजणगावच्या कंपन्यांच्या बसा आल्या, आमच्या गाड्या बसल्या" — असं म्हणतो आणि मोकळा होतो. बाकीच्या गावांचं ते खरंही आहे. त्या एका गावाचं नाही. ती गाडी मी बंद पाडली.

हं. लिहिलं एकदाचं. पण हे अर्धंच आहे. एवढंच असतं तर कदाचित बायकोला तरी सांगितलं असतं.

गावाचं नाव लिहीत नाही. शिरूरपासून आत, वीस-बावीस किलोमीटर, रस्ता असा की पोटातलं पाणी हलायचं. पंचवीस-सव्वीस वर्षं झाली. आमची जोडी ठरलेली होती — ड्रायव्हर काझीभाई आणि मी. काझीभाई मोठा शांत माणूस. आता ते नाहीत. आणि आमचं जेवण ज्यांच्या घरी, ते आप्पा.

आप्पा म्हणजे पाराला लागून घर, बऱ्यापैकी शेती, भरघोस मिशा, आणि तोंड असं की समोरच्याची टोपी उडवल्याशिवाय गप्प बसायचं नाही. सरपंचाला सोडायचे नाहीत, पोलीसपाटलाला सोडायचे नाहीत. पण मनात काही नाही हो. टोपी उडवायची आणि वर चहा पाजायचा. त्यांच्या बायकोला आम्ही काकू म्हणायचो. आम्हां दोघांना वाढल्याशिवाय ती माउली ताटावर बसत नसे. आता तुमच्यातल्या एखाद्याच्या मनात येईल — मी ख्रिस्ती, काझीभाई मुसलमान, तेव्हा ताट-वाटी वेगळी ठेवत असतील, त्याचा राग असेल. नाही. तसं असतं तर मला धरायला काहीतरी मिळालं असतं. आप्पा ज्या ताटात जेवायचे तसल्याच ताटात आम्ही जेवायचो, त्यांच्या शेजारी, मांडीला मांडी लावून.

त्यांची थोरली मुलगी सुनीता. अकरावीला होती, सायन्सला. त्या गावातून मुलीनं सायन्सला जायचं म्हणजे तेव्हा नवलच. आप्पा वरवर म्हणायचे, "डाक्टर हुनार म्हनं, आधी बैलाला इंजेक्शन दे म्हनावं," पण चारचौघांत सांगताना मिशीला पीळ पडायचा. तिच्याबरोबर आणखी पाच मुली त्या गाडीनं शिरूरला कॉलेजला यायच्या. आमच्या गाडीशिवाय त्यांना दुसरा रस्ता नव्हता — आणि मुक्कामी गाडी असल्यामुळंच घरचे पाठवायचे. गावातली गाडी, घरात जेवणारे मास्तर, मग भीती कसली?

त्या गावात हॉर्नची एक पद्धत होती. पावणेसहाला काझीभाई पहिला हॉर्न द्यायचे — म्हणजे उठा. सहाला दुसरा — म्हणजे घरातून निघा. सव्वासहाला तिसरा, आणि मग गाडी हलायची. घड्याळं घरोघरी होती, पण गावाचा भरवसा हॉर्नवर. वाड्या-वस्त्यांवरून चालत येणाऱ्या मुली तर दुसऱ्या हॉर्नवरच पाय उचलायच्या.

एक दिवस मी तो दुसरा हॉर्न देऊ दिला नाही.

का? आता हसू नका. माझ्या घरी पाहुणे यायचे होते, मेव्हणे सहकुटुंब, आणि मला लवकर मोकळं होऊन मटणाच्या दुकानापुढं नंबर लावायचा होता. उशीर झाला की हाडं तेवढी उरायची. इतकंच. मी काझीभाईंना म्हणालो, "कशाला हॉर्न न् बिर्न, दूधवाले आलेत, चला, काढा." सहा वाजून पाच-सहा मिनिटांनी आम्ही हललो. वळणावर मागच्या काचेतून मला दिसलं — सुनीता पळत येत होती. पारापासून, दप्तर छातीशी धरून, एका हातानं ओढणी सावरत. काझीभाईंनाही आरशात दिसली असावी, कारण गाडी जरा हळू झाली.

मी दोरी ओढली. एक घंटा म्हणजे थांबा. दोन म्हणजे चला. मी दोन दिल्या.

तिची सहामाही परीक्षा चालू होती. त्या दिवशी पेपर होता. हे मला माहीत नव्हतं असं म्हणण्याची सोय असती तर! आदल्या रात्री ताटावर बसलो असताना तिनंच सांगितलं होतं.

संध्याकाळी गाडी घेऊन परत गेलो. पारावर दहा-बारा माणसं होती. आप्पा मधोमध. मला पाहिलं आणि सुरू झाले, "काय वो मास्तर, सासुरवाडीला निगाला हुता का काय? पोरगी बोंबलत पळतीया मागं, आन् तुम्ही डबल घंटी मारताय! शिरूरला येऊन तक्रारीच्या वहीत तुमचं नाव लिवायला पायजे बगा, चांगलं ठसठशीत!" सगळे हसले. काझीभाईसुद्धा हसले. मग आप्पा उठले, धोतराचा सोगा झटकला आणि म्हणाले, "चला, भाकरी निवतीय."

बस्. एवढंच बोलले. शिवी नाही, आवाज चढवला नाही, बोटसुद्धा उगारलं नाही. त्यांच्या पोरीचा पेपर मी बुडवला होता, तरी त्यांनी मला जेवायला बोलावलं.

मी जेवलो. काकूंनी वाढलं. सुनीता भिंतीला टेकून पुस्तक घेऊन बसली होती. मी हात धुऊन उठलो तेव्हा हळूच म्हणाली, "मामा, उद्या दुसरा हॉर्न द्याल ना?" मी "हो" म्हणालो आणि तिच्याकडं न बघता बाहेर पडलो.

गाडीत सीटवर पडलो, पण मनात एकच — तक्रारीची वही. तुम्हांला वाटेल, गमतीत बोललेलं ते, त्याचं एवढं काय! पण माझ्याविरुद्ध एक तक्रार आधीच आलेली होती. एका म्हातारीला मी भलत्याच थांब्यावर उतरवलं होतं. डेपोच्या साहेबांनी बोलावून सांगितलं होतं — अजून एक आली, तर मुंबईची लांब पल्ल्याची ड्युटी विसरा. आणि मला ती ड्युटी हवी होती. फार हवी होती. मला काय ठाऊक, आप्पा खरंच आले शिरूरला आणि खरंच लिहिलं तर? उद्या येणार नाहीत, परवा येतील. त्यांनी लिहायच्या आत... कळतंय ना तुम्हांला, मी कुठं चाललोय ते?

दुसऱ्या दिवशी मी साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. म्हणालो, "साहेब, त्या गावात मुक्कामाला जायची आता भीती वाटते. गाडी वेळेवर काढली म्हणून दमदाटी केली. घाणेरड्या शिव्या दिल्या. अंगावर धावून आले."

साहेबांनी विचारलं, "कोण?"

इथं मी थांबलो होतो. हे मला स्पष्ट आठवतं. भिंतीवरचा पंखा कुरकुरत होता, साहेबांनी पेनाचं टोपण काढलं होतं, आणि मी थांबलो होतो. "ओळखीचं कुणी नव्हतं, अंधार होता" असं म्हणता आलं असतं. खोटंच बोलायचं, तर ते तरी बोलायचं! पण मला वाटलं, नाव नाही घेतलं तर पुढं आप्पांची तक्रार आली की ती खरी ठरेल. म्हणून मी त्यांचं नाव सांगितलं. सबंध नाव, वडिलांच्या नावासकट.

"लेखी द्या," साहेब म्हणाले. मी लेखी दिलं. अख्खं पान. माझं अक्षर फार चांगलं आहे, मिशनच्या शाळेत गिरवलेलं. साहेब म्हणालेही, "अक्षर झकास आहे तुमचं." काझीभाईंना विचारलं, तर ते म्हणाले, "मी टायर बघत होतो, मला ऐकू आलं नाही." माझ्याकडं त्यांनी पाहिलं नाही. पुढं कित्येक महिने एका गाडीवर काम केलं आम्ही, पण हा विषय त्यांनी काढला नाही, आणि डबाही माझ्याबरोबर खाल्ला नाही.

साहेबांचा काही दोष नाही. आपल्या माणसांच्या अंगावर कुणी धावून येतंय असं कळल्यावर त्यांनी दुसरं काय करायचं? आठवड्याच्या आत मुक्काम रद्द झाला. दुपारी एक फेरी ठेवली, तीही पुढं कधीतरी बंद पडली. दुपारच्या फेरीचा कॉलेजच्या पोरींना काय उपयोग, सांगा.

गावचे सरपंच विचारायला आले, तेव्हा त्यांना सांगण्यात आलं की तुमच्या अमुक अमुक माणसानं आमच्या कर्मचाऱ्याला शिवीगाळ केली. झालं. गाव आप्पांवर उलटलं. "तुझ्या तोंडापायी गाडी गेली," असं ज्यानं त्यानं म्हणायला सुरुवात केली. ज्यांच्या टोप्या त्यांनी आयुष्यभर उडवल्या होत्या, त्यांना आयतंच सापडलं. आप्पांनी म्हणे आधी देवळात देवाच्या पायावर हात ठेवून शपथ घेतली. कुणी मानली नाही. माझं लेखी होतं ना!

आता जे सांगायचंय, ते हे. एवढा वेळ मी नुसता वळसे घालतोय.

दिवाळी होऊन आठ-दहा दिवस झाले होते. सकाळची वेळ, शिरूरचा स्टँड माणसांनी फुललेला. मी कंट्रोलच्या खिडकीपाशी उभा होतो, गाडी लागायची वाट बघत. समोरून आप्पा आले. दुधाच्या टेम्पोत बसून आले होते, कपड्यांना सगळा धुरळा. हातात स्टीलचा डबा. त्यांनी मला बघितलं. वाटलं, आता हा माणूस चारचौघांत माझी लक्तरं काढणार. मला वाटलं, काढावीत. खरं सांगतो, क्षणभर तसंही वाटलं.

आप्पांनी डबा खाली ठेवला. डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. असं टोपी काढलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

म्हणाले, "मास्तर, मला तर काय बी याद येत न्हाई. लई डोकं खाजवलं. पर तुम्ही लिवून दिलंय म्हंजी काय तरी निगालंच असंल माज्या तोंडातनं. तुम्ही कशाला खोटं लिवाल? माज्या ताटाला बसलेला मानूस. माजं तोंडच वंगाळ हाय, समदं गाव म्हनतंय. तवा — माफी करा. आन् गाडी तेवढी चालू करा, मास्तर. माज्यासाटी न्हाई. पोरी घरी बसल्यात."

आणि ते वाकले. माझ्यापेक्षा पंधरा-वीस वर्षांनी मोठा माणूस, भर स्टँडवर, माझ्या पायाशी.

मी काय केलं माहितीय? मी त्यांना अर्ध्यातून उचललं. छातीशी धरलं. आणि म्हणालो — "जाऊ द्या आप्पा. माणूस रागाच्या भरात बोलून जातो. माझ्या मनात काही नाही. मी तुम्हांला माफ केलं."

मी. त्यांना. माफ केलं.

आप्पांचे डोळे भरून आले. आजूबाजूला माणसं थांबली होती. कँटीनवाला म्हणाला, "मास्तर, मन मोठं हाय बगा तुमचं." आणि मला — काय सांगू तुम्हांला — मला ते ऐकून बरं वाटलं. लाज वाटायच्या आधी बरं वाटलं. ते बरं वाटणं मी आजही विसरलेलो नाही, आणि ह्या सगळ्यात मला सगळ्यात जास्त घाण वाटते ती त्याची.

"साहेबांना सांगतो," असं मी आप्पांना म्हणालो. साहेबांची केबिन तिथून तीस-चाळीस पावलांवर होती. एक वाक्य बोलायचं होतं. "साहेब, ते मी खोटं लिहिलं." नोकरी गेली नसती. फार तर ठपका, फार तर ड्युटी गेली असती. मी केबिनच्या दारापर्यंतसुद्धा गेलो नाही. आप्पांनी आणलेला डबा दिवाळीच्या फराळाचा होता. मी तो घरी नेला. करंज्या फार छान होत्या. बायको म्हणाली, "किती चांगली माणसं, जाताना त्यांचा डबा परत द्या, रिकामा देऊ नका." मी परत दिलाच नाही. जाणार कुठल्या तोंडानं?

त्या सहा मुलींपैकी दोघी शिरूरला नातेवाइकांकडं राहिल्या. बाकीच्या घरी बसल्या. सुनीताही. पुढच्या वर्षी तिचं लग्न ठरलं, दौंड तालुक्यात, खुटबावला दिली. मला पत्रिका आली. आप्पांनी स्वतःच्या हातानं वर लिहिलं होतं — मास्तर, सहकुटुंब येणे. मी गेलो नाही. तेव्हा मला मुंबईची ड्युटी लागली होती. हो, लागली की. चांगली नऊ वर्षं केली.

दर रविवारी मी चर्चमध्ये जातो. आमच्यात पापांची कबुली सगळ्यांनी मिळून, एका सुरात म्हणायची असते. दोनशे माणसांच्या आवाजात एकट्याचा आवाज कुणाला ऐकू येत नाही. फार सोयीचं आहे ते. मी मोठ्यांदा म्हणतो.

हे सगळं असंच माझ्याबरोबर गेलं असतं. तुम्हांलाही कळलं नसतं. पण ह्या जूनमध्ये मी दौंडला बहिणीकडं गेलो होतो. परतीला दुपारी दौंडच्या स्टँडवर बसलो होतो. सवयच आहे ती, गाडी असो नसो, स्टँडवर बसलं की मला बरं वाटतं. तेवढ्यात एक बाई माझ्याजवळ येऊन थांबली. चाळीस-बेचाळिशीची. जरा निरखून बघितलं आणि म्हणाली, "कंडक्टरमामा ना तुम्ही? वळखलं का? मी सुनीता. आप्पांची."

मी उभाच राहिलो. तिनं वाकून नमस्कार केला. म्हणाली, मुलगी अकरावीला गेलीय, सायन्सला, दौंडच्या कॉलेजात. पासच्या खिडकीवर तिची मुलगी रांगेत उभी होती, तिकडं बोट दाखवलं. नवरा कुरकुंभला केमिकल कंपनीत, शिफ्टची नोकरी, म्हणून पहिल्या दिवशी हीच घेऊन आली होती. "गाडी हाय आमच्याकडून सकाळची," ती म्हणाली. "मी रोज सोताहून बसवून देनार हाय. चुकू द्यायची न्हाई."

मी विचारलं, आप्पा कसे आहेत. विचारायला नको होतं. म्हणाली, "आप्पा जाऊन झाली की चार वर्सं. भाऊ पुण्याला गेला, मग आईला मी माज्याकडंच आनली. आप्पा लई आठवन काढायचे तुमची. म्हनायचे, मी त्या मानसाला शिव्या घातल्या, तरी त्यानं भर स्टँडवर मला पोटाशी धरलं." मग म्हणाली, "पर बोलनं कमी झालं हुतं त्यांचं. पारावर बसायचे न्हाईत. कुनाची गंमत केली न्हाई परत कधी."

मी गाड्यांकडं बघत राहिलो.

"मामा, एक इचारू का?" ती म्हणाली. "रागवू नका. आप्पांनी खरंच शिव्या दिल्या हुत्या का हो? न्हाई म्हंजी, आई अजून म्हनती, ह्यांनी दिल्याच न्हाईत, मी दारातच हुते, मला ऐकू आलं असतं. मी बी आईच्याच बाजूची. आन् आप्पा म्हनायचे, मास्तर खोटं लिवनार न्हाई. घरात दोन पार्ट्या हुत्या म्हना की!" ती हसली. मग हसू गेलं. "आता आप्पा न्हाईत. आई येकलीच म्हनत बसती. तुम्ही आज भेटलाच हाय, तर सांगा. तुम्ही सांगाल ते तिला सांगीन."

ऐकलंत? तिनं दार उघडून धरलं होतं. पंचवीस वर्षांनी, स्वतःहून. आप्पा गेलेले, साहेब गेलेले, काझीभाई गेलेले. माझी नोकरी संपलेली, पेन्शन ठरलेली. कुणी माझा केसही वाकडा करणार नव्हतं. "नाही" एवढा एकच शब्द बोलायचा होता.

मी म्हणालो, "दिल्या होत्या, बाई. रागात होते ते. फार मनावर घेऊ नकोस."

"काय दिल्या ते न्हाई इचारत," ती म्हणाली. "पर दिल्या ना?"

"दिल्या."

तिनं मान हलवली. पदरानं चेहरा पुसला. म्हणाली, "बरं झालं इचारलं. म्हंजी आप्पा खरं बोलत हुते. उगं इतकी वर्सं आमीच भांडलो त्यांच्याशी. आईला सांगते आज."

तिची मुलगी नवा पास घेऊन पळत आली. त्यांची गाडी लागली. दोघी चढल्या, खिडकीतून दोघींनी मला हात केला, आणि मीही केला.

काकूंना त्याच संध्याकाळी तिनं सांगितलं असेल. शिरूरहून खुटबावला जायला फार तर दीड तास लागतो. त्याला आता तीन महिने झाले. मी गेलेलो नाही.